आधी बसा, मग बोला

माणिकराव बिरादारांच्या घरात उभ्यानं बोलायची सोय नव्हती. दारात कुणीही येवो, गॅसवाला, वर्गणी मागणारी पोरं, नाहीतर कमरेवर हात ठेवून भांडायला आलेला शेजारी, आतून पहिला शब्द यायचा तो "बसा". मग पाण्याचा तांब्या. मग काम. एकदा मी स्टेशनावर निघाले होते, ऑटो दाराशी उभा, घराची किल्ली त्यांच्याकडं ठेवायची होती. म्हटलं, "माणिकराव, नुसती किल्ली धरा, गाडीची वेळ झालीय." तर म्हणाले, "गाडी काय तुमच्याबिगर जाते का ताई? बसा की. पाणी प्या." मी बसले. एवढ्यावर भागलं नाही. ऑटोवाल्यालाही हाक मारून आत घेतलं आणि माझ्या शेजारी बसवलं. गाडी मिळाली, पण सिकंदराबादच्या जिन्यावर धावताना मी त्यांना मनातल्या मनात जी लाखोली वाहिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मलकपेठेत आमची घरं समोरासमोर. मी कॉलेजात मराठी शिकवायचे. हैदराबादेत मराठी शिकवणाऱ्या बाईला शेवटी शेवटी फारसं काम उरत नाही. माझ्या वर्गात दोन मुली उरल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरलं. त्यामुळं खिडकीत बसायला वेळ भरपूर होता, आणि खिडकीतून दिसायचा तो माणिकरावांचा कट्टा. ते पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, चढत चढत एएसआय झाले, पण गल्लीनं त्यांना एकदा जमादार म्हणायचं ठरवलं ते ठरवलंच. मूळचे उदगीरकडचे. अंगानं ऐसपैस, मिशा पांढऱ्या, आणि आवाज देवळात बोलावं तसा हळू. मी एकदा म्हणाले, तुम्ही पोलीस वाटतच नाही. त्याचा त्यांना चक्क राग आला. "मग पोलीस कसा वाटावा लागतो ताई? वरडणारा?"

एवढा थोरला माणूस सुईला मात्र भ्यायचा. साखरेचा आजार होता, रोज सकाळी इन्सुलिन घ्यावं लागे, आणि ते ना त्यांच्याच्यानं स्वतःला टोचवे ना त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्यानं. काकूंचा हात सुईआधी थरथरायचा. ते काम रोहिणीचं होतं. रोहिणी म्हणजे आमच्या शेजारच्या कमलताईंची मुलगी. कमलताई एका शाळेत कारकून, नवरा लवकर गेलेला, पोर एकुलती एक. ती शिकून नर्स झाली, एका मोठ्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर लागली. ड्यूटीवर निघताना ती आधी समोरच्या घरात शिरायची. माणिकराव डोळे गच्च मिटून खुर्चीत बसलेले, आणि ही म्हणायची, "काका, झालंय कधीच. उघडा डोळे." ते एक डोळा उघडून खात्री करून घ्यायचे. "तुझा हात लागल्याचं कळतच नाही माय," असं रोज म्हणायचे, आणि रोज तिला ते नव्यानं ऐकल्यासारखं आवडायचं.

हे बसवण्याचं खूळ कुठून आलं, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. बांधाच्या भांडणात माणसं हातात विळेकोयते घेऊन वडिलांकडं यायची. वडील न्याय बिय काही करायचे नाहीत. ते फक्त घोंगडी टाकायचे आणि म्हणायचे, आधी बसा, मग बोला. "बसलं की माणसाच्या हातातलं खाली ठिवावंच लागते ताई. मांडीवर कोयता घिऊन कोन बसंल? आनि पानी पिल्यावर लगीच शिवी येत नाही तोंडात. घसा वला असतो." हे सांगताना ते हसले, पण त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. माझ्यासारखीनं जन्मभर पुस्तकं वाचून जेवढा विश्वास कशावर ठेवला नाही, तेवढा त्यांनी या एका गोष्टीवर ठेवला होता. नोकरीतही त्यांनी तीच विद्या नेली. त्यांना वर्षानुवर्षं बंदोबस्ताची ड्यूटी असायची. मोर्चे, धरणी, घेराव. वरचे साहेब बदलायचे, पण जिथं गर्दी तापलेली तिथं बिरादारला पाठवा हे ठरलेलं असायचं.

मी त्यांना काम करताना एकदाच पाहिलं. नामपल्ली स्टेशनावर बहिणीला उतरवून घ्यायला गेले होते आणि रस्ता अंगणवाडीच्या बायकांनी अडवला होता. दुपारचं ऊन, घोषणा, समोर हेल्मेट घातलेल्या पोरसवदा शिपायांची रांग. बायका पुढं सरकत होत्या, शिपाई मागं रेलत होते, आणि दोन्हीकडच्यांच्या तोंडावर एकच भाव होता, आता काय होणार हा. मधल्या मोकळ्या पट्ट्यात माणिकराव. डोक्याला हेल्मेट नाही, काठी बगलेत. आधी त्यांनी शिपायांना आळीपाळीनं सावलीला पाठवून पाणी प्यायला लावलं. मग बायकांकडं वळले. "अम्मा, कूर्चोंडी. बैठो अम्मा, बैठके बोलो."

पुढची एक उंच बाई कडाडली, "हमकू बिठाके तुम लोगां टाइम निकालते! सब मालूम है हमकू!"

"निकलता तो मेरा बी टाइम निकलता ना अम्मा," असं म्हणून हा माणूस वर्दीसकट तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसला. काठी मांडीखाली सारली. वर बघून म्हणाला, "अब मैं नीचे, तुम उपर. मारना है तो मारो."

ती बाई आधी गोंधळली, मग तिला हसू फुटलं. तिच्या मागची बसली, मग तिच्या मागची. बघता बघता अख्खा रस्ता बसला. मी बहिणीला म्हटलं, हे आमचे शेजारी. बहीण म्हणाली, पोलीस आहेत का पुढारी?

घरी आल्यावर मी त्यांना टोचल्याशिवाय कशी राहणार? म्हटलं, "माणिकराव, तुमचं बसवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडणं. दूध खाली बसतं, पण त्या बायांच्या पदरात काय पडलं?"

त्यांची सुपारी कातरायची थांबली. "त्यांचं काम होते का नाही ते माझ्या हातात नाही ताई," ते म्हणाले. "संध्याकाळी सगळे आपापल्या पायानं घरी जातेत, तेवढं माझ्या हातात आहे. उभ्या मानसाचं भांडण असते, बसल्या मानसाचं गाऱ्हानं. आनि बसल्या मानसावर काठी पडत नाही. मी आजवर पडू दिली नाही."

यातलं शेवटचं वाक्य ते वरचेवर म्हणायचे. शिपाई पोरांची बाजूही घ्यायचे. सकाळपासून उभं असलेल्या पोराला कुणी पाणी विचारत नाही, मग ते चिडतं. भ्यालेला जमाव आणि भ्यालेला पोलीस या दोघांच्या हातात काही असू नये, असं त्यांचं म्हणणं. तसंच वागायचेही. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. बंदुका, काठ्या भिंतीला टेकवून मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात. एका वर्षी ते गल्लीतल्या आम्हा चारचौघांना प्रसादाला घेऊन गेले होते. माणिकराव प्रत्येक काठीला स्वतः बोट लावत होते आणि पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र. जवळ जाऊन ऐकलं तर म्हणत होते, "वर्षभर उपाशी राहा माय. अशीच उपाशी राहा." संध्याकाळी ते जम्मीची पानं खिशात कोंबून फिरायचे. आपण आपटा देतो, इकडं तेलंगणात जम्मी, म्हणजे शमी. पान हातात द्यायचं, सोनं म्हणायचं आणि गळाभेट घ्यायची. ज्यांना वर्षभरात कधीतरी उचलून गाडीत घातलं होतं, असे कार्यकर्तेही त्या संध्याकाळी कट्ट्यावर यायचे आणि त्यांच्या गळ्यात पडायचे. आत सुमनकाकू चहा ओतून ओतून दमायच्या.

मग रोहिणीच्या लोकांचं आंदोलन आलं. कंत्राटी नर्सेसना कायम करा, एवढीच मागणी. वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळायचा आणि दर खेपेला कंत्राट संपताना जीव मुठीत धरायचा, याला त्या पोरी कंटाळल्या होत्या. शहरातल्या एका मोठ्या कार्यालयासमोर बसायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी कमलताई माणिकरावांच्या कट्ट्यावर आल्या. मीही तिथंच होते. कमलताईंचा चेहरा उतरलेला. "भाऊजी, ही ऐकत नाही. टीव्हीवर बघते ना मी, कसं मारतात. तुम्ही तरी सांगा हिला."

"आधी बस कमल," माणिकराव म्हणाले. त्या बसल्या. पाणी आलं. मग रोहिणीकडं वळून त्यांनी विचारलं, "कुठं बसनार तुमी?"

"गेटासमोर, काका."

"माझीच ड्यूटी आहे तिथं. हे बघ. हातात हात धरून बसायचं. घोशना द्या, गानी म्हना, पन बसून. काही झालं तरी उठायचं नाही. बसल्या मानसावर काठी पडत नाही." आणि कमलताईंना म्हणाले, "पाठव तिला. संध्याकाळी मी आनून सोडतो."

कमलताई उठल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग परत आला होता. जमादारांनी शब्द दिला म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. थोडं रोहिणीनं सांगितलं, थोडं पुढं माणिकरावांनी, आणि उरलेलं साऱ्या शहरानं आपापल्या मोबाइलवर बघितलं. पोरी गेटासमोर बसल्या, हातात हात धरून. माणिकराव नेहमीसारखे त्यांच्यात बसले. कुणीतरी चिक्की वाटली, ती यांनी साखरेचं कारण सांगून खिशात टाकली आणि नंतर हळूच खाल्ली, हे रोहिणीनं बघितलं. दुपार टळली. तिथले साहेब नवे होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांना वरून निरोप आला होता, रस्ता मोकळा हवा. त्यांनी जीपजवळून हाक मारली. "बिरादार! इधर आओ."

माणिकराव उठले. रोहिणीला म्हणाले, "आलोच."

साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल. हे म्हणाले, अर्धा तास द्या सर, मी समजावतो, मागच्या फाटकानं गाड्या घेऊ. ते बोलतच होते आणि त्यांची पाठ पोरींकडं होती. मागं कुठंतरी कडेला उभ्या असलेल्या गर्दीतून पाण्याची बाटली येऊन शिपायांच्या रांगेत पडली. कुणी फेकली कुणास ठाऊक. आणि काठ्या सुरू झाल्या. कडेला उभे होते ते पळाले. बाटली फेकणाराही पळाला असणार. बसलेल्यांना पळता आलं नाही. तासन् तास बसून पायांना मुंग्या आलेल्या, हात एकमेकींत अडकलेले, आणि शिवाय त्यांना सांगितलं होतं ना, काही झालं तरी उठायचं नाही. रोहिणीनं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला. काठी मनगटावर बसली.

मोबाइलवरच्या त्या चित्रफितीत एक थोराड पोलीस बसलेल्या पोरींवर ओणवा झालेला दिसतो. त्याची टोपी पडलीय. तो ओरडतोय, "बैठे वे हैं! अरे बैठे वे हैं रे सब!" जन्मभर न ओरडलेला माणूस, त्यामुळं आवाज मध्येच फाटतो. त्या चित्रफितीवरून शहरात केवढी चर्चा झाली! वाहिन्यांनी ती संथ करून दाखवली, गोल काढून दाखवली. कुणी म्हणालं हा पोलीस पोरींना दाबून धरतोय, कुणी म्हणालं वाचवतोय. मला त्यांच्या पाठीवर पडलेल्या दोन काठ्या स्पष्ट दिसल्या होत्या. पण ज्यांना बघायचंच नाही त्यांना गोल काढून तरी काय दिसणार!

संध्याकाळी रोहिणीला त्यांनी आणून सोडलं नाही. ती दवाखान्यात होती, स्वतःच्याच वॉर्डाच्या खालच्या मजल्यावर. मी कमलताईंबरोबर गेले तेव्हा माणिकराव बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. वर्दी धुळीनं माखलेली. कमलताई त्यांच्यासमोर थांबल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शाळेत धावण्यात पहिली यायची ती, भाऊजी. तुम्ही बस म्हणालात म्हणून बसली."

माणिकरावांनी नुसती मान हलवली. आत जायला त्यांचं पाऊल उचललं नाही. कमलताईंचं काय चुकलं होतं? आणि तरी ते वाक्य ऐकताना मला वाटलं, बाई, दुसरं काहीही बोला, हे नको.

हाड जुळलं, पण बोटांत पहिली पकड आली नाही. सुई धरायची बोटं ती. शीर सापडायची, पण हात वेळेवर हलायचा नाही. काही दिवस तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं आणि कंत्राट संपल्यावर पुढचं दिलंच नाही. ज्याच्यासाठी बसली होती ते कायम होणं राहिलं बाजूला, होतं तेही गेलं.

चौकशी लागली. चौकशीत बहुतेकांनी सांगितलं की जमाव उठून अंगावर आला, म्हणून किरकोळ बळ वापरावं लागलं. माणिकरावांनाही तेच सांगायचं सुचवलं होतं, प्रेमानं सुचवलं होतं. निवृत्ती जवळ आलीय, सांभाळून घ्या. समोर खुर्ची होती, बैठिये म्हणाले. हे बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साहब, वो लोगां बैठे वे थे. मैं बिठाया था." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हे त्यांनी मला कट्ट्यापाशी सांगितलं, त्यात शौर्य गाजवल्याचा लवलेश नव्हता. मी म्हटलं, "फार चांगलं केलंत." ते म्हणाले, "त्यानं तिचा हात परत येनार आहे का ताई?"

उरलेले महिने त्यांना मालखान्यात टाकलं, जप्त सामानावर देखरेख करायला. खात्यातली माणसं बोलेनाशी झाली. निवृत्तीच्या दिवशी हार नाही, फोटो नाही. ज्या पोरांना त्यांनी सावलीत नेऊन पाणी पाजलं होतं, ती नजर चुकवू लागली. इकडं आंदोलनवाल्यांनाही त्यांचा राग होता. पोलिसानं बसवलं आणि पोलिसानंच मारलं, हा त्यांचा हिशेब, आणि त्यात खोटं काय होतं? दोन्हीकडचं दार एकाच वेळी बंद झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

त्या गणपतीत आमच्या मराठी मंडळानं उत्साहानं चर्चा ठेवली, आंदोलन आणि पोलीस. आमचे अध्यक्ष सरदेशपांडे, निवृत्त इंजिनियर, तावातावानं म्हणाले, "बाटल्या फेकल्यावर पोलिसांनी काय ओवाळायचं का? नर्सचं काम दवाखान्यात, रस्त्यावर नाही." मी उठून विचारलं, "मग तुमच्या बायपासच्या वेळी रात्रंदिवस बसली होती ती कायमची नर्स होती का कंत्राटी, विचारलं होतंत?" हशा झाला, सरदेशपांडे लाल झाले. एक तरुण मुलगा म्हणाला, सगळे पोलीस सारखेच, गळ्यातला पट्टा एकाच्याच हातात असतो. चर्चा रंगात आली होती, लोक मजा घेत होते. तेव्हा माझं लक्ष मागं गेलं. खुर्च्या रिकाम्या असून माणिकराव खांबाशी उभे होते. कुणीतरी म्हणालं, जमादार, तुम्ही सांगा ना, तुमचा अनुभव. बसा पुढं येऊन.

"नको," ते म्हणाले. "उभाच बरा आहे." मग इतकंच बोलले, "ते बसले होते. मी उठलो. साहेबांनी हाक मारली आनि मी उठलो. मी तिथंच बसून राहिलो असतो तर माझ्या अंगावरून काठी फिरवायला पोरांचा हात धजला नसता. मी उठायला नको होतं."

सरदेशपांडे समजुतीनं म्हणाले, तुम्ही एकट्यानं न उठून काय होणार होतं? आणि साहेबाची आज्ञा म्हटल्यावर? माणिकराव चपला घालून निघून गेले. प्रसाद न घेता गेलेले मी त्यांना त्या एकाच वर्षी पाहिलं.

त्यानंतर त्यांच्या घरातला तो शब्द गेला. मला ते लगेच कळलं नाही. एकदा भाजी द्यायला गेले आणि दारात उगाच उभी राहिले. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. गॅसवाला उभ्याउभ्या परतायचा. पोरं वर्गणी घेऊन उभ्यानं जायची. सुमनकाकू आतून धावत येऊन बसा बसा म्हणायच्या, पण त्यांच्या बसा म्हणण्यात ती जरब नव्हती. काकू मला एकदा डोळे पुसत म्हणाल्या, "घास घेताना सुद्धा उभे राहतेत हो कधीकधी. म्हटलं बसा की, तर म्हनतेत, बसतो."

आणि सुई. रोज सकाळी इन्सुलिनच्या वेळेला ते दार सताड उघडं ठेवायचे. रोहिणी त्याच वेळी घरातून निघायची. तिला एका औषधाच्या दुकानात काम मिळालं होतं. ती समोरून जायची, मान खाली घालून. तिनं त्यांना कधी वावगं बोलल्याचं मला ठाऊक नाही, पण त्या दारात तिचं पाऊल वळत नव्हतं. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ते थांबायचे. मग दार लोटून घ्यायचे आणि डोळे मिटून, दात आवळून, स्वतःच्या पोटात स्वतःच सुई टोचायचे. हे मला काकूंनी सांगितलं. मी घरी येऊन खूप रडले. का ते विचाराल तर नीट सांगता येणार नाही. हात तर त्या पोरीचा गेला होता.

माणिकराव संक्रांतीच्या आधी गेले. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या दसऱ्याचे, कारण नीट असे मी त्यांना तेव्हाच शेवटचे पाहिले.

संध्याकाळी मी जम्मीची पानं घेऊन त्यांच्याकडं गेले होते आणि काकूंनी मला आत पाटावर बसवलं होतं. पूर्वीसारखी गर्दी नव्हती. दोनचार शेजारी येऊन गेले. माणिकराव ओसरीत उभे राहून सोनं घेत होते, देत होते. आणि दारात रोहिणी आली. मागं कमलताई नव्हत्या, ती एकटीच होती. काकूंचा हात तोंडावर गेला. मी पाटावरून हलले नाही.

ती आत आली, त्यांच्यासमोर थांबली. "डाव्या हातानं देते काका," ती म्हणाली. "उजव्यात पानं धरत नाहीत."

आपल्यात डाव्या हातानं कुणी काही देत नाही, घेत तर मुळीच नाही. माणिकरावांचा उजवा हात पुढं आला होता. तो त्यांनी मागं घेतला आणि डावा पुढं केला. पानं घेतली. वाकून तिनं नमस्कार केला आणि सरळ उभी राहिली. आता ते बस म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, काकू बघत होत्या, तीही बघत असावी. त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

मग रोहिणीनं इकडंतिकडं पाहिलं आणि फरशीवर बसली, मांडी घालून. तशीच बसली असेल ती त्या दिवशी. आणि वर बघून म्हणाली, "बसा, काका."

माणिकराव भिंतीला हात लावत, गुडघा धरत, सावकाश खाली बसले. तिच्या शेजारी. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची ती अर्धवट मिटलेली बोटं बघत राहिले.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. ठाण्यातली पोरं होती, हातात जम्मीची पानं. निवृत्तीनंतर, नव्हे, त्या दिवसानंतर पहिल्यांदा आली होती. या पोरांची माणिकरावांनी किती वाट बघितली होती ते काकूंना आणि मला ठाऊक. काकूंनी आत या म्हटलं, पण माणिकरावांशेजारी बसलेली ती ओळखीची मुलगी त्यांना ओसरीत दिसली असावी. पोरं फाटकातच घुटमळली. एकानं तिथूनच हाक मारली, "जमादार साब! बाहर आओ ना साब, गले मिलके जाते!"

माणिकरावांची मान वळली. तळवा फरशीवर टेकला, उठताना टेकतात तसा. मग तो हात त्यांनी उचलून परत मांडीवर ठेवला.

"जमादार साब!" पुन्हा हाक आली.

"काका, बोलावतायत तुम्हाला," रोहिणी म्हणाली.

बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली. कट्ट्यावर पानं ठेवल्याचा आवाज आला नाही, पण ती ठेवली होती, मला जाताना दिसली. मोटारसायकली सुरू झाल्या, शेवटची एक जरा रेंगाळली आणि तिसऱ्यांदा हाक आली.

"बोलावू दे माय," ते म्हणाले, आणि बसून राहिले.